आईला घेऊन कोलोरॅडोतल्या गुरांच्या रँचवर: एप्रिलचा चिखल, वासरं आणि दुधाची पावडर

चिखलवाट

मंडळी,

आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली की पहिले पंधरा दिवस मजेत जातात. मग तिला अपार्टमेंटच्या भिंती खायला उठतात. "बाहेर पडलं तर माणूस दिसत नाही, गुरं दिसत नाहीत, नुसत्या मोटारी" हे पालुपद सुरू झालं की मी आणि बायको एकमेकांकडे बघतो. यंदा बायकोनेच तोड काढली. गुरंच बघायची आहेत ना, मग रँचवर जाऊ.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस काढले. फोर्ट कॉलिन्सवरून पूडर नदीच्या घळीतून रस्ता चढत चढत कॅमेरॉन पासला जातो, उंची १०,२७६ फूट. खाली शहरात लोक अर्ध्या चड्डीत सायकली चालवत होते, खिंडीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ. पलीकडे उतरलं की नॉर्थ पार्क. पार्क म्हणजे बाग नव्हे. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे परातीसारखं पसरलेलं माळरान, त्यातून नॉर्थ प्लॅट नदीचे सुरुवातीचे ओढे वाहतात. वॉल्डन हे एवढंच काय ते गाव, ८,१०० फुटांवर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपट उंचीवर लोक गुरं पाळतात.

मी आईला "तिकडे वसंत असतो, फुलं बघ" असं सांगून नेलं होतं. फुलं कसली! गाडीतून उतरताना तिचा पहिला पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. रात्री गोठतो, दुपारी विरघळतो, असा तो चिखल. त्यात शेण, जुना पेंढा आणि वितळलेलं बर्फ. मालकीणबाईंनी पाहुण्यांसाठी दाराशी रबरी गमबुटांची रांगच लावून ठेवली होती. आईने साडीखाली गमबूट चढवले आणि पाच दिवस उतरवले नाहीत.

रँचचं नाव मुद्दाम देत नाही. घरगुती जागा आहे, सुमारे तीनशे गाई. बहुतेक काळ्या अँगस, काही काळ्या अंगाच्या नि पांढऱ्या तोंडाच्या, हेरफर्डशी संकर केलेल्या. उन्हाळ्यात घोड्यावरून रपेट, मासेमारी वगैरेसाठी पाहुणे येतात. वसंतात मात्र गाई व्यायचा हंगाम, तेव्हा मोजकेच येतात. दोन खोल्या, जेवण घरच्यांबरोबर, आणि हात लावायचा असेल तर काम भरपूर.

पहिल्या सकाळी नाश्त्याला कॉफी आली. शेजारी डबा, त्यात दुधाची पावडर. आईने डबा उघडला, वास घेतला, मिटला. मला मराठीत म्हणाली, "तीनशे गाई आन् पावडर?" मी भाषांतर करायचं टाळलं, पण मालकीणबाईंना चेहऱ्यावरून कळलं. त्या हसत म्हणाल्या, या गाईंची धार कोणी काढत नाही. दूध सगळं वासराचं. त्यांनाही दूध दुकानातून आणावं लागतं, आणि दुकान लांब.

आईने दुसरा प्रश्न विचारायला लावला: मग चिकाचं काय करता? मी खरवस म्हणजे काय ते इंग्रजीतून समजावून सांगायचा प्रयत्न केला. "नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या दुधाचा, गूळ-वेलची घालून वाफवलेला..." इथपर्यंत आलो आणि मालकांनी काटा खाली ठेवला. त्यांच्याकडे चिकाची पावडरसुद्धा पाकिटात मिळते, अशक्त वासराला पाजायला. आईचा त्या दिवशीपुरता अमेरिकेवरचा विश्वासच उडाला.

रात्रीचं सांगतो. पहिलारू कालवडी घराजवळच्या कुंपणात ठेवतात, कारण त्यांचं अडतं. दर दोन तासांनी कोणीतरी टॉर्च घेऊन फेरी मारतो. जाग येईल तसं मीही दोनदा गेलो. रात्री दोनला उणे आठ सेल्सिअस. चिखल दगडासारखा, आणि त्यावर चाळीस कालवडी रवंथ करत बसलेल्या. टॉर्चचा झोत फिरला की डोळे चमकतात. जी एकटी कोपऱ्यात उभी आहे, शेपटी वर आहे, उठते-बसते-उठते, तिच्यावर नजर. वासराचे पुढचे दोन खूर आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं तर ठीक. खुरांचे तळवे वर असतील तर बहुधा पाय मागचे, म्हणजे उलटं आलंय. मग गोठ्यात घेऊन वासराच्या पायांना साखळी लावून ओढायचं.

तिसऱ्या दिवशी पहाटे असंच एक उलटं आलं. ओढून काढलं तोवर गेलं होतं. गाय क्रमांक ४१७. त्याच रात्री दुसऱ्या एका गाईला जुळं झालं होतं आणि तिने एकालाच जवळ केलं, दुसऱ्याला शिंगं नसलेल्या डोक्यानेच ढुसण्या देत होती. मालकांनी खिशातला चाकू काढला आणि मेलेल्या वासराचं कातडं सोलायला घेतलं. फार तर पंधरा मिनिटं. शेपटी तशीच ठेवली. पायांसाठी चार भोकं पाडली आणि ते कातडं जुळ्यातल्या त्या नाकारलेल्या वासराला अंगरख्यासारखं घातलं. पोटाखालून गवताच्या गठ्ठ्यांची केशरी प्लॅस्टिकची सुतळी बांधली. वासरू आधीच लुकडं, त्यात दुसऱ्याचं कातडं. पोराला बापाचा कोट घातल्यासारखं दिसत होतं.

४१७ ने आधी डोकं हुंगलं आणि फुरफुरली. मग वासरू धडपडत तिच्या कुशीशी गेलं, तिने मान वळवून शेपटीपाशी हुंगलं, बराच वेळ. आणि मग घशातल्या घशात एक बारीक आवाज काढला. हंबरणं नव्हे, त्याच्या खूप खालचा. तेवढ्यात वासराने सड पकडला.

आई कुंपणाच्या फळीवर हात ठेवून उभी होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या माहेरी वासरू मेलं की कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करायचे. पान्हा सोडावा म्हणून. मी लहान, मला त्याची भीती वाटायची. तिथं दुधासाठी जनावराला फसवायचो. हितं निदान आत जिता जीव तरी हाय."

दुपारी त्या वासराच्या कानात नवा बिल्ला मारला. इथे वासराला आईचाच क्रमांक देतात. बिल्ला ४१७.

अजून बरंच आहे, पण आधी ज्यांना माहिती आहे त्यांना विचारतो. आम्हाला मे अखेरीस वासरांना डागण्याच्या कार्यक्रमाला परत बोलावलंय. आईला न्यावं का? आणि कोणी अशा ठिकाणी उन्हाळ्यात गेलंय का? खर्चाचा अंदाज हवा आहे, मित्राला द्यायचाय.

नुसताच वाचक

पावडरचा डबा! वारलो. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

खवचट खारूताई

म्हणजे पैसे देऊन थंडीत रात्री दोनला गाई मोजायच्या. आमचे आजोबा हे फुकट करायचे आणि सुट्टीला मुंबईला यायचे.

छान लिहिलंय हो, चिडू नका.

गुरांचा डॉक्टर

धागा बघून राहवलं नाही. मी नगर जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो.

कातड्याची युक्ती शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. गाय वासराला ओळखते ती प्रामुख्याने वासाने, आणि ती ओळख व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पक्की होते. दूध पिताना वासराचा मागचा भाग गाईच्या तोंडाकडे येतो, म्हणून ती शेपटीपाशी हुंगते. शेपटी ठेवली ते त्याचसाठी. तीन-चार दिवसांत तिचंच दूध पिऊन वासराला तिचा वास लागतो, मग कातडं काढून टाकायचं. जास्त ठेवलं तर कुजतं.

चिकाबद्दल: गाईच्या वारेतून वासराला प्रतिकारशक्ती मिळत नाही, माणसासारखं नाही ते. जे मिळतं ते चिकातून, आणि ते शोषून घ्यायची आतड्याची क्षमता चोवीस तासांत संपते. पहिल्या काही तासांतला चीक सगळ्यात मोलाचा. म्हणून पाकीट. आपल्याकडेही आधी वासराला पोटभर पाजावं आणि उरला तर खरवस करावा असं मी सांगतो. ऐकतात किती ते विचारू नका.

एक विचारायचं होतं. आठ हजार फुटांवर गुरांना छातीत पाणी होण्याचा त्रास असतो. उंचीवर ऑक्सिजन कमी, फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढतो, हृदयाची उजवी बाजू थकते आणि गळ्याच्या पोळीपासून छातीखालपर्यंत सूज येते. कोलोरॅडोतच शंभर वर्षांपूर्वी याचा पहिला अभ्यास झाला. तिथले लोक वळू घेताना मानेतल्या शिरेतून नळी घालून हा दाब मोजून घेतात. तुमच्या मालकांनी काही सांगितलं का?

चिखलवाट

@गुरांचा डॉक्टर, अगदी! वळूंच्या विक्रीची पुस्तिका जेवणाच्या टेबलावरच पडली होती. त्यात वजन, वंशावळ आणि शेवटी तो दाबाचा आकडा. मालक म्हणाले, चाळीसच्या आसपास असेल तर घेतो, पन्नाशीकडे सरकला की बैल कितीही देखणा असो, खाली मैदानातल्या माणसाने घ्यावा. त्यांच्या वडिलांच्या काळी एक महागडा वळू टेक्सासहून आणला होता, तो दुसऱ्या हिवाळ्यात सुजून मेला. तेव्हापासून आकडा आधी, बैल मागून.

कॅलगरीकर

आमच्याकडे कॅनडातल्या अल्बर्टात याच गोष्टी, फक्त आणखी थंड. नवजात वासराचे ओले कान गोठतात आणि टोकं गळून पडतात. कळपात आखूड कानांची गाय दिसली की समजायचं, ही थंडीच्या लाटेत जन्मली.

रात्रीच्या फेऱ्यांवर एक उपाय: वैरण सकाळऐवजी संध्याकाळी उशिरा घालायची. मग बऱ्याच गाई दिवसा वितात. इथल्याच मॅनिटोबा प्रांतातल्या एका शेतकऱ्याने सत्तरच्या दशकात हे लक्षात आणून दिलं, आता सगळीकडे करतात. शंभर टक्के नाही, पण झोप मिळते.

साजूक तूप

लेख उत्तम, पण कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. ज्या वासराला एवढ्या प्रेमाने दुसरी आई मिळवून दिली, ते पुढे कुठे जाणार? आणि तुम्ही तिथे जेवलात काय? तुमच्या आईंना हे सांगितलं होतं का?

चिखलवाट

@साजूक तूप, प्रश्न रास्त आहे.

आम्ही तिघेही गोमांस खात नाही. बुकिंग करतानाच सांगितलं होतं. घेवड्याची उसळ म्हणता येईल असं काहीतरी, बटाटे, अंडी, मक्याचा ब्रेड. आईने दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेऊन पिठलं केलं, ते मालकांनी ब्रेडला लावून खाल्लं.

वासरं ऑक्टोबरमध्ये विकली जातात, साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोची झाली की. तिथून मोठ्या खाद्यतळांवर, म्हणजे चारून पुष्ट करतात तिथे, आणि मग जिथे जायचं तिथे. काही कालवडी कळपात ठेवतात. ४१७ चं नवं पोर गोऱ्हा आहे, म्हणजे ते जाणार.

आईला मी सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच विचारलं, "दूध काढत न्हाईत, औताला जुंपत न्हाईत, मग पाळत्यात कशाला?" उत्तर तिला ठाऊक होतं असं मला वाटतं. तिच्या लहानपणी भाकड गाय बाजारात जायची, पुढे कुठे जायची हे घरात कोणी बोलत नसे. मी खरं ते सांगितलं. ती त्या संध्याकाळी गोठ्याकडे आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझ्या आधी गमबूट घालून तयार होती.

खवचट खारूताई

आता इथे गोवंश, कायदा, कोण काय खातो यावर दोनशे प्रतिसाद पडणार. मी पॉपकॉर्न घेऊन बसते.

संपादक मंडळ

त्या विषयावर आधीचे तीन धागे उपलब्ध आहेत. इथले त्याविषयीचे पाच प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. मूळ विषयाला धरून लिहावे.

सह्याद्रीची पोर

अशा रँचना डूड रँच म्हणतात ना? डूड म्हणजे पूर्वेकडचा छानछोकीचा शहरी माणूस. याचा इतिहास मजेशीर आहे. ईटन नावाचे तीन भाऊ डाकोटाच्या बॅडलँड्समध्ये गुरं पाळायचे. पूर्वेकडचे मित्र यायचे ते महिनोन् महिने मुक्काम ठोकायचे. शेवटी १८८२ च्या सुमारास पाहुण्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात झाली. मग १८८६-८७ चा भयंकर हिवाळा आला, मैदानातली गुरं बर्फात अक्षरशः लाखांनी मेली, भल्याभल्यांचा धंदा बुडाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टचीही गुरं त्यात गेली. ईटन बंधू १९०४ मध्ये वायोमिंगला बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी गेले आणि त्यांची रँच अजून चालू आहे. १९२६ मध्ये अशा रँचवाल्यांची संघटना झाली, तिच्यामागे रेल्वे कंपनीचा मोठा हात होता, तिकिटं खपायला हवी होती.

थोडक्यात, गुरांना हिवाळाभर चारा घालावा लागतो, पाहुणा हिवाळ्यात आपल्या घरी जातो.

खर्चाचं: उन्हाळ्यात नावाजलेल्या ठिकाणी माणशी आठवड्याला दोन-तीन हजार डॉलर सहज, त्याहून वरही. जेवण-घोडे सगळं त्यात. वसंतात कामाच्या रँचवर बरंच कमी.

कृष्णाकाठ

अवांतर: अमेरिकेत आपलीही गुरं आहेत बरं का. दक्षिणेकडे उकाड्यात जी ब्राह्मण नावाची वशिंडाची जात दिसते, ती गीर, कांकरेज, ओंगोल आणि आमच्या कृष्णाकाठच्या गुरांपासून तयार केलेली. सांगली-मिरजेकडची ती मूळ जात आमच्याकडे आता शोधावी लागते.

चिखलवाट

@कृष्णाकाठ, हे आईला वाचून दाखवलं. "मग ते वशिंडवाले हितं का न्हाईत?" म्हणाली. थंडी, असं सांगितलं. "शहाणे हायत."

पाटाचं पाणी

डोंगरातलं बर्फ वितळल्यावर पाण्याचं कसं करतात ते लिहा ना. तो माझा विषय.

चिखलवाट

@पाटाचं पाणी, आम्ही होतो तेव्हा पाणी सोडलं नव्हतं, पण पाट साफ करायचं काम चालू होतं. मीही अर्धा दिवस फावडं मारलं, दुसऱ्या दिवशी हात वर होईना. मे अखेरीस ओढ्यावरची लोखंडी दारं उघडतात आणि कुरणं भिजवून काढतात. पाटात केशरी ताडपत्री आडवी टाकली की पाणी काठावरून कुरणात पसरतं, मग ताडपत्री उचलून पुढे. या एका पाण्यावर वर्षाचं एकच गवत येतं, ते जुलै-ऑगस्टमध्ये कापतात. हिवाळ्यात गाईला रोज बारा-तेरा किलो वाळलं गवत लागतं, तेव्हा हिशेब करा.

हक्काचा नियम कडक: ज्याने आधी पाणी वळवलं त्याचा हक्क आधी. टंचाई आली की जुन्याला पुरं, नव्याला शून्य. हे कोलोरॅडोच्या १८७६ च्या राज्यघटनेतच आहे. मालकांनी त्यांच्या हक्काचं वर्ष आपण कुलदैवताचं नाव सांगावं तसं सांगितलं.

पाटाचं पाणी

धन्यवाद. धुळे-नाशिककडची फड पद्धत याच्या अगदी उलट आहे. तिथे पाणी कमी असलं की फड, म्हणजे शेतांचे गट, कमी भिजवायचे, पण भिजलेल्या फडात सगळ्यांचा वाटा. वेगळा धागा काढतो.

कॅलगरीकर

डागण्याच्या कार्यक्रमाबद्दल, कारण मूळ प्रश्न राहूनच गेला. आईंना न्यायचं का ते तुम्ही ठरवा, पण काय असतं ते सांगतो. शेजारपाजारचे सगळे येतात, आपल्याकडे मळणीला यायचे तसे. आज यांच्याकडे, परवा त्यांच्याकडे, मजुरी नाही, फक्त जेवण. घोडेस्वार वासराचे मागचे पाय दोरात पकडून आगटीकडे ओढत आणतो, दोन पोरं त्याला दाबून धरतात. लस, डाग, गोऱ्हा असेल तर खच्चीकरण, हे सगळं मिनिटभरात. वासरू उठून आईकडे पळतं. धूर आणि जळलेल्या केसांचा वास कपड्यांतून दोन धुण्यांनीही जात नाही. गोंगाट इतका की शेजारचा बोललेलं ऐकू येत नाही, शंभर गाई एकदम हंबरत असतात. तो डाग म्हणजे सरकारदरबारी नोंदलेली खूण. नंतर जूनमध्ये गुरं डोंगरातल्या सरकारी जंगलात चरायला जातात, तिथे चार जणांची एकत्र होतात, म्हणून लागते.

गुरांचा डॉक्टर

+१. आणि गोचीड बघा. वसंतात डोंगराळ गवतात फार असतात. रात्री गुडघ्यामागे, केसांत तपासा.

नुसताच वाचक

लांडगे वगैरे? बातम्यांत वाचलं होतं.

चिखलवाट

@नुसताच वाचक, हो, जेवताना हा विषय निघाला की टेबलावरचा सूर बदलतो. नॉर्थ पार्कमध्ये २०२१ मध्ये वायोमिंगकडून आलेल्या जोडीला पिल्लं झाली, कोलोरॅडोत कित्येक दशकांनी पहिल्यांदा. त्याआधी २०२० च्या मतदानात लोकांनी लांडगे परत आणायचं ठरवलंच होतं, ते डिसेंबर २०२३ मध्ये दहा सोडले. मतं बहुतेक शहरांतली, गाई इथल्या. मीही शहरातला. मी तेव्हा मुकाट्याने बटाटे खात होतो. नुकसानभरपाई जनावरामागे पंधरा हजार डॉलरपर्यंत मिळते, पण लांडग्यानेच मारलं हे आधी सिद्ध व्हावं लागतं, आणि बर्फात चार दिवसांनी सापडलेल्या वासराचं उरतं काय?

साजूक तूप

चिखलवाट, मी जरा कडक बोलले. ४१७ चं पोर कसं आहे?

चिखलवाट (दहा दिवसांनी)

उशीर झाला, माफ करा.

डागण्याच्या कार्यक्रमाला आई आली नाही. "तुम्ही जावा" म्हणाली. मी आणि बायको गेलो. वर्णन कॅलगरीकरांनी केलंय त्याहून वेगळं काही नाही, फक्त मला लस टोचायचं काम दिलं आणि मी पहिली सुई स्वतःच्या हातमोज्यात टोचली. बोट वाचलं.

माळरान हिरवं झालं होतं. चिखल वाळून भेगा पडलेला. महिन्यापूर्वी नुसत्या काळ्या काटक्या होत्या त्या विलोंना पालवी, त्यात एक मूसची (मोठ्या हरणाची) मादी पिलासह उभी, कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. कुंपणाच्या खांबावर मेडोलार्क बसलेला, पिवळ्या छातीवर काळा पट्टा. एवढासा पक्षी, आवाज मात्र आख्खं कुरण भरेल असा. हे सगळं मी आईला एप्रिलमध्ये दाखवणार होतो.

४१७ शोधायला वेळ लागला. वासरू तिच्या मागेच होतं, आता नुसतं स्वतःच्या कातड्यात. चांगलं भरलंय. मी फोटो काढला. आईने तो मोठा करून करून पाहिला आणि विचारलं, "डागला का?" हो म्हटलं. तिने फोन परत दिला.

आईची परतीची तिकिटं पुढच्या आठवड्यातली. काल बॅग भरताना तळाशी केशरी सुतळीचं भलंमोठं भेंडोळं सापडलं, रँचवरून येताना मागून घेतलेलं. वजन होतंय, काढ म्हटलं तर ऐकेना. "नायलॉनची हाय, कुजत न्हाई. गोठ्याच्या दाराला व्हईल."